घराबाहेर न पडू शकणाऱ्या वडिलांचा गोतावळा टिकावा म्हणून मदतनीस ताईंकडून काय अपेक्षा ठेवावी?

मांजराकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझे वडील लातूरला राहतात. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले असून आता त्यांचे वय ८१ आहे. आई काही वर्षांपूर्वी गेली. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली आणि आता ते वॉकर धरून घरातल्या घरात चालतात. पण घर पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे, त्यामुळे खाली उतरणे जवळजवळ बंद झाले आहे. मी पुण्याला नोकरी करतो, बहीण हैदराबादला असते. मदतनीस पुरवणाऱ्या एका ब्यूरोमार्फत ताई सकाळी आठ ते रात्री आठ येतात आणि रात्री चुलतभाऊ सोबतीला झोपायला येतो.

ताईंच्या कामाबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधी स्पष्ट करतो. औषधे, अंघोळ, जेवण, व्यायाम, सगळे वेळच्या वेळी होते. काळजी वेगळीच आहे. जो माणूस रोज संध्याकाळी गंजगोलाईपर्यंत चालत जाऊन चार पेन्शनर मित्रांबरोबर तासभर बसल्याशिवाय घरी येत नसे, तो आता दिवसभरात मोजकी वाक्ये बोलतो. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे घर माणसांनी भरलेले होते. शेजारी, जुने सहकारी, गावाकडचे लोक येऊन गेले. नंतर ते येणे हळूहळू थांबले. मी फोन केला की दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) 'बरं आहे' म्हणतात आणि फोन ताईंच्या हातात देतात, मग मला ताईंकडूनच कळते की आज जेवण किती झाले.

माणसांशी संबंध टिकवून ठेवणे हे खासगी मदतनिसाच्या कामात धरावे का? धरायचे असेल तर त्यांना नेमके काय सांगावे? की हा त्यांच्यावर अन्याय होईल आणि हे काम आम्हा मुलांनीच करायला हवे? ज्यांच्या घरी असे काही जमले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नांदेडची मदतनीस यांचे उत्तर

मी नांदेड शहरात बऱ्याच वर्षांपासून घरोघरी जाऊन वृद्ध आणि आजारी माणसांची सेवा करण्याचे काम करते. हा प्रश्न फार थोडी मुले विचारतात, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

माणसे येणे का थांबले असावे, ते आधी सांगते. ब्यूरोकडून आम्हाला पाठवताना रक्तदाब, साखर, औषधांच्या वेळा आणि पडू न देणे एवढेच बजावलेले असते. घर परके असते, दारात उभा असलेला माणूस कोण हे माहीत नसते, आणि काही कमीजास्त झाले तर बोल आपल्यावरच येणार हे आमच्यापैकी प्रत्येकीच्या मनात असते. त्यामुळे दुपारी चारच्या सुमाराला कोणी कडी वाजवली की 'आत्ताच डोळा लागलाय, नंतर या' असे सांगणे सगळ्यात निर्धोक वाटते. आपल्याकडची माणसे मानी असतात. दोनदा दारातून परत गेलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही. त्यात त्याचा रागही नसतो, गुरुजींना आपला त्रास नको असेच त्याला वाटते. तुमच्या घरी असेच झाले असेल असे मी म्हणत नाही, पण विचारून पाहा.

म्हणून पहिली गोष्ट ही की, पुढच्या वेळी लातूरला जाल तेव्हा वडिलांच्या समोर ताईंना सांगा की आलेल्या माणसाला आत बसवायचे आहे, दादा झोपले असतील तर अमुक वेळेला या असे नक्की सांगायचे आहे, आणि एखादे दिवशी त्या गडबडीत व्यायाम राहिला तरी चालेल. हे तुमच्या तोंडून आणि त्यांच्या समोर सांगितले गेले पाहिजे. तो अधिकार मिळाल्याशिवाय कोणतीही ताई स्वतःहून परक्या घराचे दार उघडे ठेवणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की, आम्ही कितीही चांगले बोललो तरी आमच्याशी बोलणे म्हणजे आपल्या माणसांत असणे नव्हे. मी एका घरी नव्वदीच्या आसपासच्या आजोबांकडे होते. निजामाच्या राजवटीत, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ च्या आधी, हैदराबाद संस्थानातील शाळांमध्ये उर्दूचे मोठे प्रस्थ होते आणि आजोबांचे सुरुवातीचे शिक्षण उर्दूतूनच झालेले होते. त्यांना उर्दू वाचायची गोडी होती, पण डोळ्यांना बारीक अक्षर लागेना आणि घरात ती लिपी कोणालाच येत नव्हती. गल्लीच्या तोंडाशी शिलाईचे दुकान चालवणारे चाचा उर्दू वर्तमानपत्र घेतात, हे मी येता-जाता पाहिलेले होते. आजोबांना विचारले, त्यांच्या मुलाला फोन करून त्याची संमती घेतली आणि चाचांना बोलावले. ते दर शुक्रवारी दुकान बंद असताना येऊन मोठ्याने वाचू लागले आणि आजोबा त्यांचे उच्चार सुधारून देऊ लागले. त्यांना खरा आनंद ऐकण्यापेक्षा त्या सुधारण्यात होता. यात माझा वाटा एवढाच होता की, चाचा यायच्या आधी मी आजोबांची लुंगी बदलत असे, दाढी करून देत असे, दातांची कवळी बसवत असे, त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवत असे आणि चहा ठेवून आत निघून जात असे. मी तिथेच बसून राहिले असते, तर दोघेही माझ्याशीच बोलले असते.

तुमचे वडील शिक्षक होते, हे त्यांचे मोठे भांडवल आहे. इमारतीत किंवा गल्लीत शिष्यवृत्ती परीक्षेला बसणारी मुले असतीलच. त्यांतील एकदोघांना अर्धा तास गणित पाहून द्यायला सांगा. अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, कारण दमल्यावर चिडचिड होते आणि मग मुले यायला घाबरतात. आजारी माणसाला भेटायला येणारे लोक फळे आणतात, दहा मिनिटे बसतात आणि 'काळजी घ्या' म्हणून उठतात. ज्याच्याकडे काही विचारायला लोक येतात, त्याच्याकडे मात्र ते पुन्हा येतात, कारण त्यांचे काम असते. घरी पडलेल्या माणसाला घेणाऱ्याच्या जागेवरून देणाऱ्याच्या जागेवर बसवता आले, तर निम्मे काम होते.

आणखी एक बारीकशी गोष्ट ताईंना आवर्जून सांगा. पाहुणे आले की ते माणसाशी न बोलता आमच्याशीच बोलतात: 'काय म्हणतात गुरुजी? झोप लागते का त्यांना?' अशा वेळी मी उत्तर देत नाही. 'त्यांनाच विचारा की', असे म्हणून मी आजोबांकडे पाहते आणि थांबते. उत्तर यायला वेळ लागतो, खोलीत थोडी अवघडलेली शांतता पसरते, पण उत्तर येते.

अन्यायाविषयी तुम्ही विचारले आहे. पाहुण्यांचा चहा, कपबशा, फोन लावून देणे, कोण कधी येणार ते लक्षात ठेवणे, हे सगळे काम वाढते, आणि ते काम आहे हे मान्य करून त्याप्रमाणे पगार ठरवला तर अन्याय होत नाही. आणि ताई कधीतरी बदलणारच आहेत, म्हणून एक जाड वही घरात ठेवा. त्यात माणसाचे नाव, नाते, फोन, भेटायची सोयीची वेळ आणि शेवटचे बोलणे कशाविषयी झाले ते वडिलांनीच सांगावे आणि ताईंनी लिहावे. नवी ताई आली की ती वही तिच्या हातात देता येते.

बालाघाट फिजिओ यांचे उत्तर

मी अंबाजोगाई परिसरात घरी जाऊन फिजिओथेरपी देतो. वरच्या ताईंनी मनाची आणि रीतीची बाजू इतकी नेमकी मांडली आहे की तिच्यात मी भर घालत नाही. शरीराकडून येणाऱ्या अडचणी तेवढ्या सांगतो, कारण 'त्यांना कुणाशी बोलायचेच नसते' असे ज्याला घरचे म्हणतात, त्याच्या मुळाशी पुष्कळदा एखादी अगदी साधी शारीरिक गोष्ट असते.

सर्वांत आधी कान तपासून घ्या. वयामुळे ऐकू कमी येते तेव्हा उंच पट्टीचे आवाज आधी जातात, त्यामुळे बायकांचे आणि मुलांचे बोलणे अस्पष्ट होते आणि चारजण एकदम बोलू लागले की काहीच उलगडत नाही. फोनवर तर ओठही दिसत नाहीत. 'बरं आहे' एवढेच बोलून फोन दुसऱ्याच्या हातात देणे हे मी ऐकू न येणाऱ्या माणसांमध्ये फार वेळा पाहिले आहे. प्रश्न कळला नाही हे सांगण्यापेक्षा ते सोपे असते. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो, कधी श्रवणयंत्र लागते. ताईंना हे शिकवता येते: टीव्ही बंद करायचा, पाहुण्याला समोर आणि उजेडात बसवायचे, ओरडायचे नाही, सावकाश आणि खालच्या पट्टीत बोलायचे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण टाळता येण्याजोगी जी १४ कारणे दिली आहेत, त्यांत श्रवणदोष, उपचार न केलेला दृष्टिदोष आणि सामाजिक एकटेपणा ही तिन्ही आहेत. आणि एका माणसाच्या आयुष्यात ही तीन एकमेकांत किती गुंतलेली असतात, ते आम्हाला रोज दिसते.

दुसरी अडचण लघवीची, आणि तिच्याविषयी मुलगा-मुलगी विचारत नाहीत, वडील सांगत नाहीत. पाहुणे बसलेले असताना घाई लागली तर काय होईल, या धास्तीने कितीतरी पुरुष कोणालाही घरी येऊ देत नाहीत. पाहुणे यायच्या आधी बाथरूमला नेऊन आणणे, वॉकर हाताशी ठेवणे आणि गरज पडली तर पाहुण्यांना सहजपणे गॅलरीत बसवणे, हे कसबी मदतनीस न सांगता करते. वेळही महत्त्वाची आहे. बहुतेक वृद्ध सकाळी नाश्त्यानंतर ताजेतवाने असतात आणि दिवस मावळताना थकतात. स्मृतिभ्रंश असेल तर संध्याकाळी गोंधळही वाढतो. तेव्हा भेटी सकाळी ठेवाव्यात.

जिन्याविषयी: शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची परवानगी मिळाली की जिना शिकवता येतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रिया झालेला पाय आधी, आणि मदतनिसाने उतरताना एक पायरी खाली उभे राहायचे. कठडा दोन्ही बाजूंना बसवून घ्या. भाड्याचे घर असले तरी घरमालक याला सहसा नाही म्हणत नाहीत. घराखालच्या कट्ट्यापर्यंत जाता आले, तरी येणारे-जाणारे 'काय गुरुजी, कसं हाय?' म्हणून थांबतात.

सेलूकर यांचे उत्तर

आमच्या सासूबाई पक्षाघातानंतर अंथरुणावर आहेत. बोलणे गेले आहे, पण समोरच्याचे सगळे कळते. त्यांच्यासाठी दिवसभर ताई असतात, त्या अनुभवावरून दोन-तीन गोष्टी लिहिते.

घरात कॅमेरा बसवला असेल तर त्याचा विचार करा. परगावी असलेल्या मुलांना तो आवश्यक वाटतो आणि त्यांची काळजी मला समजते. पण शेजारच्या बायका समोरच्या खोलीत बसून सुखदुःख बोलायला येतात, आणि वर डोळा आहे हे कळले की त्या येत नाहीत. आमच्याकडे कॅमेरा स्वयंपाकघराच्या दाराकडे आणि मुख्य दाराकडे ठेवला आहे, बैठकीत नाही. ताईंनाही तो कुठे आहे आणि कशासाठी आहे ते सांगितले आहे.

निधनाच्या बातम्या लपवू नयेत असे माझे ठाम मत आहे. घरी असलेल्या वृद्धांना मित्र गेल्याचे कळू द्यायचे नाही अशी आपल्याकडे रीतच पडली आहे आणि ताईंनाही तशी तंबी दिलेली असते. त्या माणसाला मात्र महिन्यामागून महिने असे वाटत राहते की तो मित्र आपल्याला विसरला. सासूबाईंच्या बालमैत्रिणीचे निधन झाले तेव्हा आम्ही सकाळी, सगळे घरात असताना त्यांना सांगितले. त्या रडल्या. दुसऱ्या दिवशी ताईंनी मैत्रिणीच्या सुनेला व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंना बोलता येत नाही, त्यांनी नुसता हात जोडला, आणि पलीकडे ती सून पदर तोंडाला लावून बराच वेळ बसून राहिली. दहाव्याला जाता येत नाही, पण सांत्वन करता येते, आणि ते करण्याचा अधिकार आपण त्यांच्याकडून काढून घेऊ नये. हा निर्णय घरच्यांनी घ्यावा, ताईंवर टाकू नये.

मोबाइलबाबत सावध राहा. फोन लावून देणे ताईंचे काम असले तरी बँकेचे संदेश, पिन आणि ओटीपी यांच्याशी त्यांचा संबंध येऊ देऊ नका. त्यात ताईंचेही रक्षण आहे. वडिलांचे अंघोळीनंतरचे, जेवतानाचे फोटो कौतुकाने स्टेटसला ठेवले जातात, ते त्यांना विचारल्याशिवाय होऊ नये.

आणि एक गोष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. आपल्या भागात आजही काही घरांत मदतनीस बाईचा कप वेगळा ठेवतात आणि तिला खाली बसवतात. ज्या घरात तिलाच कोणी 'बसा' म्हणत नाही, तिथे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला मोकळेपणाने 'या, बसा' कसे म्हणणार? हे तुमच्या घराला उद्देशून नाही, पण हा धागा वाचणाऱ्या प्रत्येकाने आपले घर पाहावे.

मांजराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दादांचे कान तपासून घेण्यासाठी चुलतभावाला आजच सांगितले आहे, आणि वहीची सूचना बहिणीने लगेच उचलली आहे. एक प्रश्न राहतो. येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा आमच्याकडचा शेतातला सण, जवळ येत आहे. त्या दिवशी अख्खे लातूर शेतात जाते, रस्ते ओस पडतात आणि ताईंनाही सुट्टी हवी असते. दादांना एकट्याला घरी ठेवायचे मनाला पटत नाही. त्यांना शेतात नेणे शहाणपणाचे होईल का?

औसा रोड यांचे उत्तर

नेता येते, आम्ही माझ्या मामांना नेतो. व्हीलचेअर मात्र शेतात नेऊ नका, काळ्या मातीत तिची चाके रुततात आणि ढकलणारा व बसणारा दोघेही घाबरे होतात. हात असलेली मजबूत खुर्ची घ्यावी आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी उचलून बांधावरून कडब्याच्या खोपीपर्यंत न्यावी. गाडीत पुढचे आसन पूर्ण मागे घेऊन त्यावर घट्ट उशी ठेवा, म्हणजे खुबा गुडघ्यापेक्षा खाली जात नाही. जमिनीवर मांडी घालून बसायचा आग्रह कोणी धरू नये, ताट खुर्चीवरच द्यावे. किती वेळ बसू द्यायचे आणि जिना उतरू द्यायचा का, हे मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

मामांचे शेत रस्त्यालगत असल्याने भज्जी, आंबील आणि उंडे हे येळवशीचे पदार्थ घ्यायला शेजारच्या शिवारातली माणसे खोपीपाशी येतात, आणि वर्षभरात भेटली नसतील इतकी माणसे त्यांना एका दुपारी भेटतात. तुमच्या वडिलांचे जुने विद्यार्थी त्या शिवारात असतील, तर त्यांना आत्ताच फोन करायला ताईंना सांगा; कोण येणार ते कळले की वडील स्वतःच जायचे म्हणतील. डॉक्टरांनी नाही म्हटले, तर आदल्या दिवशी दोघातिघांना घरी बोलवा आणि येळवशीला चुलतभावाला थांबवा.

ताईंची त्या दिवसाची सुट्टी पगारी धरा. आणखी एक सुचवतो: नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी चेहरा ओळखणाऱ्या मोबाइल ॲपची सोय आहे, ती चांगलीच आहे, पण जिना उतरणे जमू लागले की पुढच्या वर्षी त्यांना बँकेतच घेऊन जा, कारण त्या महिन्यात तिथल्या बाकावर लातूरचे निम्मे पेन्शनर भेटतात. मतदानाचेही तसेच आहे: ८५ वर्षे पूर्ण झालेल्यांना नमुना १२-ड भरून घरून मतदान करता येते, पण वडील अजून त्या वयाचे नाहीत, तेव्हा केंद्रावर न्यायची तयारी ठेवा.